आमेनचा अंगठा

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. एक प्रत, एक वाचक. टिळकांनी तो खरोखर वाचला, आणि १८९५च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला.

त्याच लोहमार्गावर पुढे रायपूर. तिथल्या मोबाइलांवरून आता बायबलचे वचन पहाटेच गुलाबाच्या फुलासकट शंभर जणांना एकदम जाते आणि जोडलेले शंभर हात परत येतात. वाचले कुणी, हे विचारू नये. निळ्या खुणा उमटल्या, सेवा पावली.

२०२०च्या टाळेबंदीत उपासना पडद्यावर आली, ते योग्यच झाले. अंथरुणाला खिळलेल्यांना तिचा आधार आजही आहे. पण टाळेबंदी उठली तरी काही धडधाकट कुटुंबे पलंगावरून उठली नाहीत. उपदेश दीडपट वेगाने, दान क्यूआरने. प्रार्थनेत डोळ्यांऐवजी कॅमेरा मिटतो. मिस्सात मोबाइलवर फोटो काढणाऱ्या पुरोहितांना आणि बिशपांनाही २०१७मध्ये पोप फ्रान्सिस यांनी झापले होते. मेंढपाळांची ही तऱ्हा, तर कळपाला कोण बोलणार?

आज कौटुंबिक प्रार्थनेला सगळ्यांचे फोन शेजारच्या खोलीत ठेवा. पासवर्ड नको, पण आधी परवानगी घ्या, विशेषतः आजीची.