कामावरचा गोटा

निघोजला कुकडीच्या पात्रात उभं राहिलं की वाटतं, इथे कुणी मोठ्या पंगतीची तयारी केली आणि आमंत्रणं द्यायचीच राहून गेली. काळ्या कातळात रांजणच रांजण. काही घागरीएवढे, काहींत माणूस उभा मावेल एवढे; कुठे दोघांमधली भिंत झिजून दोघांचा एकच झालेला. अलीकडे पारनेर तालुका, पलीकडे शिरूर, काठावर मळगंगेचं देऊळ. गावकरी या जागेला नुसतं ‘कुंड’ म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात मात्र हे रांजणखळगे ‘नदीचे खननकार्य’ अशा भारदस्त मथळ्याखाली भेटतात. आमचे मास्तर आकृती तपासताना रांजणाच्या सुबकपणाकडे ढुंकूनही बघत नसत. आत गोटे काढलेत का, एवढंच बघत. गोटा नाही तर गुण नाही.

मास्तरांचा न्याय चोख होता, कारण सगळी करामत त्या गोट्याचीच. नुसत्या पाण्याला हा बेसाल्ट सहजी दाद देत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक निवत गेले, त्यातला हा कातळ. पण एवढ्या कठीण अंगालाही कुठेतरी भेग असते, खोलगट जागा असते. पुरात वाहत आलेला एखादा दगड तिथे अडकतो. वर पाण्याचा भोवरा, खाली वाळू, मधे हा. गरगर फिरताना तो बूड आणि कडा घासत राहतो. खड्डा थोडा खोल होतो, म्हणजे बाहेर पडणं थोडं अवघड होतं, म्हणजे आणखी फिरणं आलं. स्वतःची कोठडी स्वतःच खणायची आणि तीही इतकी गोल, इतकी गुळगुळीत, की बघणाऱ्यानं हात फिरवत राहावं! यात गोटाही झिजतो. आधी त्याचे कोपरे जातात, मग तो वाटोळा होतो, मग वाळू होऊन निघून जातो. जागा रिकामी राहत नाही. पुढच्या पुरात नवा उमेदवार हजर.

नोकरी तशी हंगामी. कुकडी सह्याद्रीत कुकडेश्वराजवळ उगवते आणि पावसाळ्यात उधाणते. एरवी गोटे तळाशी निवांत पडून असतात. आता वर माणिकडोह आणि येडगावला धरणं झाली, त्यामुळे कामाची पाळी ढगांइतकीच धरणाच्या दरवाज्यांवरही ठरते.

हाच कातळ नदीपासून दूर माळावर असला, तर त्याचं झिजणं अगदी बिनआवाजी. ऊन, पाऊस, हवा. त्याच्यातलं लोह गंजतं, पापुद्रे सुटतात, आणि फार फार काळानं त्याची काळी माती होते. तिच्यात ज्वारी येते. भाकरीचा तुकडा मोडताना आपण लाव्ह्याचा नातू खातोय, हे कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि लाव्ह्याचीही त्याबद्दल तक्रार नाही.

परवा एका रांजणात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. त्या जन्मभर फिरल्या तरी कातळावर साधा ओरखडा उमटायचा नाही. तेव्हा जायचं तर पाऊस ओसरल्यावर जा, कडेवर जपून उभे राहा आणि आपली बाटली आपल्याबरोबर परत आणा. तळाशी दिसणारा गोटा मात्र आठवण म्हणून पिशवीत घालू नका. तो कामावर आहे.