चार तास, दोन सुया आणि म्हैसूर वॉरियर्स

टी-ट्वेंटीचा सामना साधारण साडेतीन तासांत आटोपतो. डायलिसिसला चार तास लागतात. उरलेल्या अर्ध्या तासात शेवटचं षटक त्या पोराला का दिलं, यावर मनसोक्त बोलून घेता येतं. मूत्रपिंडाचे डॉक्टर आणि क्रिकेटवाले एकत्र बसले असते तरी इतकं बेतशीर वेळापत्रक जमलं नसतं. म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये लेकीकडे राहायला आलेल्या बेळगावच्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी मात्र या योगायोगाचं सोनं केलं.

काका आले ते विश्वमानव एक्स्प्रेसने, ‘थोडे दिवस तपासण्यांना’. तपासण्यांचा निकाल लागला आणि थोडे दिवस बेमुदत झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. डाव्या हातात फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली वाट. त्यात दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून परत. यंत्रातून मिनिटाला अर्धा लिटर द्राव वाहतो, चार तासांत एकशेवीस लिटर. म्हैसूरला कावेरी आणि कबिनी अशा दोन नद्यांचं पाणी येतं. ते शुद्ध होऊन घागरीमागून घागरी काकांच्या उशाशी वाहून जातं आणि काकांना मात्र दिवसाचं पाणी लेक बाटलीवर खुणा करून देते. चहा त्यातच, औषधाबरोबरचा घोटही त्यातच, आमटी वाटीत किती पातळ आहे याचाही हिशेब त्यातच.

शिवाय शहर म्हैसूर. बल्लाळ सर्कलपर्यंत फिरायला जावं तर कोपऱ्यावर शहाळ्यांचा ढीग. शहाळ्यात पोटॅशियम, सबब बंद. नंजनगुडची रसबाळे केळी साऱ्या देशात नावाजलेली, भौगोलिक मानांकन मिळवलेली. केळ्यात पोटॅशियम, बंद. बेळगावहून कुणी कुंदा आणला तर दुधात फॉस्फरस, तोही बंद. माणसाने मग तोंडी लावायला घ्यायचं काय? काकांनी क्रिकेट घेतलं.

आता क्रिकेट म्हटलं की आयपीएल. पण आयपीएलशी काकांचं काही जमेना. तिथे सगळं आधीच सगळ्यांना माहीत. वॉर्डातली पोरं विराटबद्दल जे सांगत, ते काकांच्या नातवाला तोंडपाठ होतं. आजाऱ्याला आपली स्वतःची अशी एक छोटी स्पर्धा लागते, जिच्यावर घरातल्या कुणाचं मत नसतं. त्यांचा एक भाचा अमेरिकेत उत्तर कॅरोलिनातल्या डरहम गावी असतो. तिथे डरहम बुल्स नावाचा बेसबॉलचा संघ आहे, मोठ्या लीगच्या एक पायरी खालचा. १९८८ मध्ये त्या संघावर सिनेमा निघाला आणि तेव्हापासून मैदानावर एक भलामोठा बैल उभा आहे. फलंदाजाने बैलाला चेंडू मारला तर बक्षीस मांसाचा तुकडा. बैलाच्या पायाखालच्या गवताला लागला तर सॅलड. हे ऐकून पूर्ण शाकाहारी काका म्हणाले, “मग आमचा कोण असेल तर गवताकडेच मारंल की!” पण मुद्दा त्यांना पटला. गावचा संघ असावा तर असा.

कर्नाटकात तशी स्पर्धा आहे, महाराजा ट्रॉफी. नाव श्रीकंठदत्त नरसिंहराज वडियारांचं. म्हैसूरच्या राजघराण्याचे हे वारस कर्नाटक क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष म्हणून पुन्हा निवडून आले आणि काही दिवसांतच, १० डिसेंबर २०१३ रोजी, वारले. या स्पर्धेआधी, २००९ पासून, कर्नाटक प्रीमियर लीग चालायची. २०१९ मध्ये ती सट्टेबाजीच्या प्रकरणात सापडली आणि बंद पडली. २०२२ मध्ये महाराजांचं नाव लावून सहा संघांनी नवा संसार मांडला. बेंगळुरू, म्हैसूर, हुबळी, मंगळुरू, शिवमोगा, गुलबर्गा.

यादी वाचून काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. बेळगाव नव्हतं.

जुन्या लीगमध्ये बेळगावी पँथर्स होते, २०१७ चे विजेते होते. नव्या लीगमध्ये गावाचं नावच गायब. आता बेळगावच्या माणसाने भूगोल पाहून हुबळीच्या मागे उभं राहावं, असं म्हैसूरच्या लोकांना वाटतं. त्यांना बेळगाव कळलेलं नाही. नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय गेलं हुबळीला, उच्च न्यायालयाचं खंडपीठ गेलं धारवाडला, आणि बेळगावला मिळाली ती हिवाळ्यात काही दिवस गजबजणारी सुवर्ण विधानसौध. एवढं झाल्यावर क्रिकेटसाठीसुद्धा हुबळीचाच जयजयकार? काकांच्या उजव्या हाताच्या खाटेवर नेमके हुबळीचेच एक निवृत्त रेल्वेवाले असत. त्यांना मराठी उत्तम समजे, काकांना कानडी उत्तम येई, त्यामुळे भांडणात भाषेची अडचण कधीच आली नाही.

उरलं म्हैसूर. पण काका तत्त्वाचे. राहतो म्हणून संघ धरला, एवढं कारण त्यांना पुरेना. तेव्हा त्यांनी २०२४ चा म्हैसूर वॉरियर्सचा संघ घेऊन त्याचं मराठीपण मोजायला सुरुवात केली. राहुल द्रविडचा मुलगा समित याला लिलावात पन्नास हजारांना घेतलेलं. द्रविडांचं घर मराठी, हे तर जगजाहीर. एक झाला. मनोज भांडगे रायचूरकडचा आहे, पण काका रायचूरपर्यंत गेलेच नाहीत, भांडगे या आडनावावरच थांबले. दोन झाले. आता कर्णधार करुण नायर. २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ करून पुढे विस्मरणात गेलेला हा माणूस. इथे वॉर्डाला वाटलं की काका अडकले. काका शांतपणे म्हणाले, “रणजी कुणाकडून खेळतो? विदर्भाकडून. नागपूर कुठे आहे?” तीन. तीन मराठी माणसं एका संघात म्हणजे मंडळ स्थापन करायला पुरेशी. त्यातून संघाचे मालक म्हैसूरचे सायकल अगरबत्तीवाले. लेकीच्या देवघरात पुडा होताच. आरोग्याच्या दृष्टीने एवढं पावित्र्य काकांना पुरेसं वाटलं.

विदर्भाचं हे नातं पुढे आणखी पक्कं झालं. २०२४-२५ चा रणजी करंडक विदर्भाने जिंकला, अंतिम सामन्यात केरळविरुद्ध करुणने शतक ठोकलं. त्या दिवशी काकांनी तंत्रज्ञाला पेढा दिला. स्वतः नुसता वास घेतला.

सोमवार, १९ ऑगस्ट २०२४. मंगळुरू ड्रॅगन्सविरुद्ध करुण नायरने अठ्ठेचाळीस चेंडूंत नाबाद १२४ धावा केल्या. वॉर्डातल्या फोनभोवतीचं दृश्य पाहण्यासारखं होतं. डायलिसिस चालू असताना सुयांचा हात हलवायचा नसतो. हलला की यंत्र ठणाणा करतं आणि सिस्टर धावत येते. त्यामुळे षटकारावर टाळी वाजवायची पंचाईत. एका हाताने टाळी वाजत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण काकांच्या सुया डाव्या हातात, यंत्र डावीकडे. शेजारी हुबळीकरांचा फिस्टुला उजव्या हातात, यंत्र पलीकडे. दोघांच्या खाटांमधली जागा मोकळी आणि दोघांचा एकेक हात मोकळा. काकांनी उजवा पुढे केला, हुबळीकरांनी डावा. वाजली! मंगळुरूच्या गोलंदाजांचं वाटोळं होत असेल तर हुबळीला त्यात सामील व्हायला काहीच हरकत नव्हती.

“काय मारून सोडलाय बघ की!” काका म्हणाले. सिस्टरने रक्तदाब मोजला आणि फोनचा आवाज कमी करायला लावला.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. डायलिसिसचं पहिलं यंत्र विलेम कोल्फ या डच डॉक्टरने महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये बनवलं. रक्त गाळायला त्याने सॉसेज भरायची सेलोफेनची नळी वापरली, ती लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळली आणि फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपावरून जोडाची कल्पना उचलली. सुरुवातीचे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये पहिली बाई वाचली. ही हकीकत काकांनी वॉर्डात सांगितली, तेव्हा हुबळीकरांनी फक्त सॉसेज कशाचं, एवढंच विचारलं. काकांनी विषय क्रिकेटवर नेला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी, २३ ऑगस्टला, हुबळी टायगर्स आणि बेंगळुरू ब्लास्टर्स यांचा सामना १६४-१६४ असा बरोबरीत सुटला. सुटला म्हणजे अडकला. तंत्रज्ञ बेंगळुरूचा, काका हुबळी सोडून कुणाच्याही बाजूचे, हुबळीकर एकटे. चार तास संपले होते. यंत्राने रक्त परत दिलं, सुया निघाल्या. सुया निघाल्या की त्या दोन जागांवर बोळे दाबून दहा-पंधरा मिनिटं गप्प बसायचं असतं. या बसण्याचा आजवर कुणालाच काही उपयोग झाला नव्हता. त्या दिवशी झाला. सुपर ओव्हर सुरू झाली. दोन्ही संघांच्या दहा-दहा. पुन्हा सुपर ओव्हर. आठ-आठ. सामना कोणत्या नियमाने संपणार, यावर वॉर्डातला एकही माणूस अधिकारवाणीने बोलू शकत नव्हता, आणि असा प्रसंग त्या वॉर्डात पूर्वी आला नव्हता. तिसऱ्या सुपर ओव्हरमध्ये बेंगळुरूने बारा केल्या. शेवटच्या चेंडूवर हुबळीच्या मन्वंतकुमारने चौकार मारला आणि हुबळीकरांचा बोळा दाबणारा हात आपोआप वर गेला. शर्ट लाल झाला. सिस्टर रागावली, तंत्रज्ञाने दुसरा बोळा दाबला आणि तो कानडीत काहीतरी पुटपुटला, त्याचा अर्थ रुग्णांपेक्षा क्रिकेटवर जास्त राग आहे असा होता. हुबळीकरांना ऐकू आलं नाही. ते घरी फोन लावत होते, पुन्हा बोळा सोडून.

अंतिम सामना रविवारी, १ सप्टेंबरला. रविवार हा या वेळापत्रकातला सगळ्यांत वाईट दिवस. शुक्रवारी रक्त धुतलेलं आणि सोमवार अजून लांब. अंगात पाणी साठत जातं, दम लागतो, तहान मात्र कमी होत नाही. अशा दिवशी म्हैसूरने २०७ धावा केल्या. भांडगेने तेरा चेंडूंत नाबाद ४४. काका बर्फाचा एकच खडा तोंडात घोळवत बसले होते, तो त्या तेरा चेंडूंना पुरला. बेंगळुरू पंचेचाळीस धावांनी हरलं. २०१४ नंतर वॉरियर्स पुन्हा विजेते झाले होते. सोमवारी काट्यावर उभं राहिल्यावर काकांचं वजन नेहमीपेक्षा कमीच भरलं. डॉक्टरांनी शाबासकी दिली. काकांनी ती भांडगेकडे पोचवायला सांगितली.

दुसऱ्या वर्षी आक्रीत घडलं. जून २०२५ मध्ये बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर आयपीएलच्या विजयोत्सवात चेंगराचेंगरी होऊन अकरा माणसं गेली. ऑगस्टमधली महाराजा ट्रॉफी तिथून हलली आणि म्हैसूरला आली, मानसगंगोत्रीजवळच्या, त्याच महाराजांच्या नावाच्या मैदानावर. चामराजपुरमपासून रिक्षाने जेमतेम जाऊन येण्याचं अंतर. काकांनी घरात फक्त नजरेनेच परवानगी मागितली. लेक म्हणाली, “बाबा, फिस्टुलाला कुणाचा धक्का लागला तर?” जावई म्हणाले, पाऊस आहे. नातू म्हणाला, फोनवर दिसतंय की. तिघांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून काका एका मंगळवारी औषधं आणायच्या निमित्ताने निघाले आणि रिक्षावाल्याला जेएलबी रोडवरून भलतीकडेच वळवलं.

जेएलबी म्हणजे झाशी लक्ष्मीबाई. त्या रस्त्यावरून जाताना आज्ञाभंग केल्याबद्दल काकांना जराही टोचणी लागली नाही.

मैदानाबाहेर रिक्षा थांबवून ते फोनवर सामना बघत बसले. आतला गलका आधी ऐकू यायचा आणि फोनवर तो चेंडू पडायला वेळ लागायचा. रिक्षावाल्याशी त्यांनी पैज लावली, पुढच्या चेंडूला विकेट. आतला ओरडा ऐकूनच लावली होती. मीटर चालू राहिला, पैजेत जिंकलेले पैसे मीटरमध्ये गेले.

त्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली, बुधवारी. डायलिसिसला सुट्टी नसते. मोदकात खोबरं, खोबऱ्यात पोटॅशियम. पण वॉर्डात एक जुनी समजूत आहे की यंत्र लागल्यावर पहिल्या तासात खाल्लेलं यंत्रच काढून नेतं. डॉक्टर या समजुतीला दुजोरा देत नाहीत; चतुर्थीला ते तिकडे पाहातही नाहीत. लेकीने दोन मोदक दिले होते. दुसरा हुबळीकरांना गेला, कारण दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता, हुबळी विरुद्ध मंगळुरू, आणि त्यांच्या तोंडावर काळजी स्पष्ट दिसत होती. वॉरियर्स त्या सामन्यात नव्हते. काका तटस्थ राहतो म्हणाले. त्यांच्या तटस्थपणावर वॉर्डात कुणाचाच विश्वास बसला नाही.

गुरुवारी पाऊस आला. सामना अर्ध्यावर थांबला आणि निकाल लावला व्हीजेडी पद्धतीने, म्हणजे केरळचे अभियंते व्ही. जयदेवन यांनी पावसाच्या सामन्यांसाठी बसवलेल्या गणिताने. मंगळुरू विजयी.

शुक्रवारी हुबळीकर काट्यावर उभे राहिले. तंत्रज्ञाने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, मागच्या वेळचा कागद काढला.

“सर, किती पाणी प्यालात?”

“मी कुठे प्यायलो? कालच्या मॅचमधलं आहे ते.”

काका शेजारच्या खाटेवरून म्हणाले, “मग जयदेवनना विचारून काढ की वजन.”