आधी छत पांढरं करा

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांवर जातो, आणि आपण डोक्यावर घेतो काय? पाच इंची काँक्रीटचा उघडा स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडतो. मग कूलर, मग एसी, मग वाढलेलं वीजबिल. ती वीज बनते मुख्यतः कोळसा जाळून. घर बांधताना केलेली चूक पुढची पन्नास वर्षं धूर सोडत राहते.

आपल्या आज्याची धाब्याची घरं दुपारी गार असायची. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचा थर. म्हणून पुन्हा धाबं बांधा, असं मी म्हणणार नाही. त्यावर दरवर्षी माती टाकावी लागते, झडीच्या पावसात ते कोसळून माणसं दगावतात, आणि तेवढं लाकूड आता सातपुड्यात नाही. पण ऊन छतातच अडवायचं, हे त्या घराचं शहाणपण आपण का सोडलं?

विटांचंही तेच: शहाणपणाचा पर्याय हाताशी असून आपण तो घेत नाही. भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रातून राख निघते. तिच्या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत; कोळसा वाचतो, शेतातली सुपीक मातीही वाचते. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी, भाव जास्त नसेल तर, राखेची उत्पादनं वापरावीत, असं केंद्र सरकारची ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना सांगते. जळगाव आणि धुळे दोन्ही या टापूत येतात. तरी भट्ट्या धगधगताहेत, कारण विचारणारं कुणी नाही.

छताच्या बाबतीत मात्र विचारणारं सरकार आहे: तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छताचं, म्हणजे ऊन परतवणाऱ्या छताचं, धोरण आणलं आणि सरकारी इमारतींना ते सक्तीचं केलं. जळगाव-धुळ्याच्या दोन्ही महापालिकांनी शाळा, दवाखाने आणि स्वतःच्या कचेऱ्यांपासून सुरुवात करावी. मग सरकारी घरकुलांकडे वळावं. घरकुलाच्या २५ चौरस मीटरांत एसी परवडणारा माणूस राहत नाही. तिथे पांढरं छत ही चैन नाही, गरज आहे.

तुमचं घर बांधून झालं असेल, तर येत्या मार्चमध्ये गच्चीला चुन्याचे दोन हात द्या. बांधायचं असेल, तर ठेकेदाराला राखेच्या विटेचा भाव आजच विचारा.