पपई आपली, खलबत्ता आपला

नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याच्या बसस्थानकापासून कुठल्याही दिशेला चाला आणि पाट्या वाचा. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन. थाई मला कुठे दिसलं नाही. पुण्याला शिकून आलेल्या पोरांची तक्रारही तीच आहे, की आपल्याकडे थाई मिळत नाही.

खरंच मिळत नाही?

थायलंडच्या रस्त्यारस्त्यावर मिळणारा एक पदार्थ घेऊ. सोम तम. कच्च्या पपईचा लांब कीस, मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे, चवळीच्या कोवळ्या शेंगा, टोमॅटो, लिंबू, ताडगूळ, थोडी सुकट आणि मासळी आंबवून काढलेला खारट रस. सगळं खलात घालायचं आणि हलक्या हाताने कुटायचं. चूल लागत नाही, तेलाचा थेंब लागत नाही.

आता ही यादी तळोद्यात उभं राहून पुन्हा वाचा.

पपई? शहादा-तळोद्याच्या शिवारात पपईच पपई आहे. मिरची? नंदुरबारच्या वाळवणाच्या पथाऱ्या लाल होतात त्या कशाने? ताडगूळ नसेल, पण उसाच्या पट्ट्यात गुळाला काय तोटा? सुकट बाजारात मिळते. उरला तो खारट रस. पहिल्या दिवशी मीठ घाला, बाटली सावकाश मागवा.

म्हणजे माल सगळा आपला. नाही ते फक्त हॉटेल.

बरं, कच्ची पपई आपल्याला परकी आहे म्हणावं, तर तेही खरं नाही. गुजरात इथून हाकेच्या अंतरावर. फाफड्याबरोबर पपईचा संभारो खाताना कुणी नाक मुरडलंय? मोहरी-हिंगाच्या फोडणीवर परतलेला पपईचा कीस आणि वर हिरवी मिरची. एवढं अंतर आपण कधीच कापलंय. उरलेलं दोन पावलांचं आहे. (गरोदर बाईला कच्ची पपई देऊ नये, ही आजीची सूचना मात्र पाळा.)

आणि या पपईचं आपण करतो काय? तैवानचं 786 बियाणं आणतो, लावतो, विषाणूशी झगडतो, फळ ट्रकमध्ये भरून उत्तरेकडे धाडतो. भावासाठी व्यापाऱ्यांबरोबर बैठका घेतो, त्या मोडतात, पुन्हा बसतात. वाऱ्या-गारपिटीने फळ कच्चंच गळालं की कपाळाला हात. त्या कच्च्या फळाची आपल्याला माहीत असलेली मोठी वाट एकच. साखरेच्या पाकात, रंगात बुडून टुटीफ्रुटी व्हायचं.

ज्या फळावर एका देशाची ओळख उभी आहे, त्याचे आपण केकवरचे लाल-हिरवे तुकडे करतो!

महाराष्ट्रात थाई जेवण रुजलं ते वरून. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात 1993 साली ‘थाई पॅव्हेलियन’ सुरू झालं, शेफ आनंदा सोलोमन यांच्या हाताखाली. उत्तम जेवण, पंचतारांकित बिल. पुढे पुण्यात कोरेगाव पार्कात चांदावरकर दांपत्याने ‘मलाका स्पाइस’ काढलं आणि आग्नेय आशियाची चव मध्यमवर्गाच्या टेबलावर आली. दोघांचंही ऋण मोठं. पण त्यामुळे एक गैरसमजही पक्का झाला, की थाई म्हणजे नारळाच्या दुधातली हिरवी करी, मेणबत्ती आणि इंग्रजी मेनू.

सोम तमला मेणबत्ती माहीत नाही.

सोम तम ज्या मुलखाचं, तो इसान थायलंडच्या ईशान्येला आहे. 20 प्रांतांचा, कोरडा, गरीब, बोली लाओ भाषेच्या घरातली. तिथली माणसं पोटासाठी बँकॉकला गेली. बांधकामावर, टॅक्सीवर, घरकामावर. सोबत खल, मिरची आणि चिकट भात घेऊन गेली. राजधानीने आधी त्यांना हिणवलं आणि मग त्यांच्याच गाड्यासमोर रांग लावली.

ऊसतोडीसाठी दरवर्षी गुजरातेत उतरणाऱ्या सातपुड्याच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागेल?

थायलंडचं सरकारही झोपलं नव्हतं. 2002 च्या सुमारास त्यांनी ‘ग्लोबल थाई’ मोहीम काढली. जगभरात तेव्हा साधारण 5,500 थाई हॉटेलं होती, ती 8,000 करायचं ठरवलं. स्वयंपाक्यांना प्रशिक्षण, मालकांना कर्ज, चांगल्या हॉटेलांना सरकारी शिक्का. तुम्हाआम्हाला थाई खावंसं वाटतं, त्यामागे एका सरकारने हिशेब मांडून केलेलं काम आहे.

आपल्या सरकारने सातपुड्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या आमचुरासाठी असं काय केलं?

डोंगरात घरोघरी कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवतात. तो आमचूर पोत्यांनी खाली येतो आणि दूरच्या शहरांतल्या मसाल्यांत नाव हरवून बसतो. मोलगीकडची भगर उपासाच्या ताटात पोचते, पण तिचं गाव कुणाला ठाऊक नसतं. बांबूचे कोवळे कोंब थाई हॉटेलात मोठ्या किमतीला खाणारा माणूस सातपुड्यात ते शिजतात हे ऐकून चकित होतो. चकित का व्हावं? बांबू काय फक्त बँकॉकलाच उगवतो?

म्हणून थाई हवं म्हणणाऱ्या पोरांवर मी चिडत नाही. नवीन चव मागणारी जीभ जिवंत असते. मिरची आणि पपई दोन्ही अमेरिका खंडातून युरोपी जहाजांनी इकडे आल्या. तेव्हा कुणी ‘हे आपलं नाही’ म्हणून त्या बंदरावरून परत धाडल्या असत्या, तर खान्देशाने आज भाजीत काय घातलं असतं?

माझा राग आहे तो वाट बघण्यावर. पुण्याचा कुणी येईल, शाखा काढेल, गोठवलेलं पाकीट फोडेल आणि मग आपण खाऊ, असं का? तळोद्याच्या मुलीने, तळोद्याच्या पपईचं सोम तम करायला कुणाचा परवाना लागतो?

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर ट्रक रात्रंदिवस धावतात. भुकेलं गिऱ्हाईक दारातून जातंय. एखाद्या हॉटेलवाल्याने पाटीवर चायनीजच्या खाली दोन ओळी वाढवाव्यात. एक सोम तमची. दुसरी मक्याची भाकर आणि आमचूर घातलेल्या उडदाच्या डाळीची. दर दोन्हींचा सारखाच ठेवा.

आणि बाहेरगावचं गिऱ्हाईक आहे म्हणून तिखट कमी करू नका.