ठेवायला चिल्लर, काढायला नोटा

२५ मार्च २०१४, मंगळवार. गूगलनं आपल्या क्लाउड स्टोरेजचा भाव जीबीमागे महिना २.६ सेंटवर आणला. बहुतेक ग्राहकांना ६८ टक्के कपात! बुधवारी अ‍ॅमेझॉननं एस-थ्री या आपल्या साठवण सेवेच्या पहिल्या टीबीचा भाव ८.५ सेंटवरून ३ सेंटवर पाडला. पुढच्या सोमवारी मायक्रोसॉफ्ट म्हणालं, आमचाही ६५ टक्क्यांपर्यंत कमी. आठवडाभरात तीन दादा एकमेकांवर भाव पाडून मोकळे. स्पर्धेचे फायदे शिकवणाऱ्या प्राध्यापकांची तर दिवाळीच झाली.

मग दादा दमले. मार्च २००६ मध्ये एस-थ्री सुरू झालं तेव्हा जीबीचा भाव होता महिना १५ सेंट. डिसेंबर २०१६ मध्ये तो २.३ सेंट झाला. आणि आज? अमेरिकेतल्या मुख्य केंद्रात २.३ सेंटच. पहिल्या दहा-अकरा वर्षांत भाव सहाव्या हिश्शाच्याही खाली आला, नंतर तिथंच बसकण मारली. हार्ड डिस्क मात्र पुढं कित्येक वर्षं स्वस्त होत राहिली. २०२२च्या ऑक्टोबरात गूगलनं स्टोरेजचे काही दर चक्क वाढवले. अर्ध्या सेंटचा झेंडा घेऊन २०१५ मध्ये मैदानात उतरलेल्या बॅकब्लेझ कंपनीनंही २०२३ मध्ये टीबीचे पाच डॉलर सहा केले. युद्ध संपलं. तह कधी झाला, ते ग्राहकाला कुणी कळवलं नाही.

पण साठवणुकीच्या भावावर भांडणारा ग्राहक मुळात चुकीच्या आकड्यावर बोट ठेवून बसलेला असतो. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई केंद्रात एक जीबी ठेवायला महिना २.५ सेंट पडतात. आत टाकायला शून्य. तोच जीबी इंटरनेटवरून बाहेर काढायचा तर १०.९३ सेंट. म्हणजे एखाद्या छोट्या कंपनीनं १० टीबी ठेवले, तर महिन्याचे २५० डॉलर. आणि ‘बरं, आम्ही निघतो’ म्हणून सगळं एकदम उचललं, तर हजाराहून जास्त. चार महिन्यांचं भाडं फक्त दारातून बाहेर पडण्याचं! बिलात याला ‘डेटा ट्रान्सफर आउट’ असं सभ्य नाव असतं.

घासाघिशीचं सगळं शास्त्र एका हालचालीत आहे. दुकानदारानं भाव सांगावा, आपण ‘राहू द्या’ म्हणावं, दोन पावलं चालावं आणि मागून हाक यावी, “अहो ताई, या तर, तुमचा भाव तरी सांगा.” क्लाउडवाल्यांनी नेमका त्या दोन पावलांवर टोल बसवला. आता म्हणा ‘राहू द्या’. खरंच राहील, तिथंच राहील.

घासाघीस होतच नाही असं नाही. होते, पण बंद दाराआड. वेबसाइटवरचा भाव आपल्यासारख्यांसाठी. मोठ्या गिऱ्हाइकाचा भाव गोपनीय कराराच्या कागदावर. सवलतीची अट एकच. पुढची अमुक वर्षं अमुक कोटी डॉलर खर्च करूच, अशी लेखी हमी द्या. म्हणजे स्वस्तात हवं असेल तर आधी पाय बांधून घ्या.

२०१७ मध्ये शेअर बाजारात उतरताना स्नॅप कंपनीला आपले कागद उघडे करावे लागले, तेव्हा कळलं की पाच वर्षांत गूगलला दोन अब्ज डॉलर द्यायचं तिनं कबूल केलंय. पाठोपाठ अ‍ॅमेझॉनशी एक अब्जाचा करार. एकाच्या दारात उभं राहून दुसऱ्याचा भाव सांगायचा, ही तिची सोय. आपण तेच करायला गेलो, तर समोर चॅटबॉट असतो.

खरी घासाघीस केली ड्रॉपबॉक्सनं. आपल्या ग्राहकांच्या फाइली ती अ‍ॅमेझॉनकडे ठेवत होती. मग तिनं स्वतःची यंत्रं उभी केली आणि जवळजवळ सगळा संसार तिकडे हलवला. २०१८ च्या तिच्या कागदपत्रांनुसार दोन वर्षांत खर्चातले साधारण साडेसात कोटी डॉलर वाचले. भाव कमी करून घेण्याचा हा हमखास मार्ग आहे. फक्त स्वतःचं डेटा सेंटर तेवढं लागतं.

मधल्या काळात क्लाउडफ्लेअर कंपनीनं वर्मावर बोट ठेवलं. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी आर-टू ही साठवण सेवा जाहीर केली : डेटा बाहेर काढायला शून्य. दोनच महिन्यांत अ‍ॅमेझॉनला औदार्याचा झटका आला. आधी महिन्याला एक जीबी फुकट बाहेर काढता यायचा, तो थेट १०० जीबी झाला. योगायोगच असणार. १०.९३ सेंटचा दर मात्र जागचा हलला नाही.

पुढचं औदार्य कायद्याच्या मुहूर्तावर. युरोपीय संघाचा डेटा कायदा ११ जानेवारी २०२४ ला अमलात आला. ग्राहक एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना त्याच्याकडून शुल्क घेणं या कायद्यानं जानेवारी २०२७ पासून बंद होणार. त्याच ११ जानेवारीला गूगलनं जाहीर केलं की, आम्हाला सोडून जाणाऱ्यांकडून आम्ही डेटा काढण्याचे पैसे घेणार नाही. मार्चमध्ये अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टही तेच म्हणाले. ज्या शुल्काशिवाय इतकी वर्षं म्हणे नेटवर्कचा खर्च भागत नव्हता, ते दोन महिन्यांत तिघांनाही अनावश्यक वाटलं.

त्यातही मेख आहेच. गूगल आणि मायक्रोसॉफ्टकडे माफी हवी तर खातंच बंद करायचं. अर्धं इथं, अर्धं तिथं ठेवून दोघांना झुंजवायचं म्हणाल, तर मीटर चालू. अ‍ॅमेझॉनकडे आधी अर्ज, मग मंजुरी, मग साठ दिवसांत गाशा गुंडाळा. भांडण करून निघून जाणाऱ्याला निरोपाचा नारळ. भांडत भांडत राहू पाहणाऱ्याला पूर्ण बिल.

आता आपण फुकटवाले. मायक्रोसॉफ्टनं २०१४ मध्ये ऑफिसच्या ग्राहकांना वनड्राइव्हवर अमर्याद जागा दिली आणि वर्षभरात काढून घेतली. काही लोकांनी ७५ टीबीहून जास्त भरलं, अशी तक्रार होती. ग्राहकानं जाहिरात खरी मानली, हा त्याचा गुन्हा. गूगल फोटोजची फुकट, अमर्याद साठवण मे २०१५ पासून चालली आणि १ जून २०२१ ला थांबली. तोवर चार लाख कोटींहून जास्त फोटो आत गेले होते. सहा वर्षं अख्ख्या जगाला भाव करायचं सुचलं नाही, कारण भावच नव्हता.

आता पाळी आपली. ऑगस्ट २०२४ मध्ये रिलायन्सच्या सभेत मुकेश अंबानींनी जिओच्या ग्राहकांना दिवाळीपासून १०० जीबीपर्यंत फुकट जागा जाहीर केली. मे २०२५ मध्ये एअरटेलनं पोस्टपेड आणि वाय-फायच्या ग्राहकांना गूगलची १०० जीबी सहा महिने फुकट दिली. त्यानंतर महिना १२५ रुपये, आपोआप बिलात. हा भाव दूधवाल्याच्या एका दिवसाच्या बिलाएवढा, त्यावर वाद कोण घालणार?

आणि घालायचाच झाला, तर सातव्या महिन्यात ‘राहू द्या’ म्हणण्याआधी मुंजीचे, बारशाचे, केदारनाथचे सगळे व्हिडिओ उतरवून घ्यायला जागा हवी. फोनमध्ये जागा नव्हती म्हणूनच तर ती ऑफर घेतली होती.