अ‍ॅडमिनदादा

गेम खेळणाऱ्या पोरांच्या प्रत्येक डिस्कॉर्ड ग्रुपवर एक अ‍ॅडमिनदादा असतोच. त्याच्याकडे स्टीमच्या जादा कीज पडून असतात. २०१० मध्ये हम्बल बंडल सुरू झालं आणि लोकांना गठ्ठ्याने गेम घ्यायची सवय लागली. गठ्ठ्यातले हवे असतात दोन, गळ्यात पडतात आठ. उरलेले दुसऱ्या कुणी गुपचूप विकले असते. दादा वाटतो. मात्र वाटायला बसला की त्याच्यातला तलाठी जागा होतो.

स्टीमची की म्हणजे पाच-पाचच्या तीन गटांतली पंधरा अक्षरं. चालते एकदाच, ज्याने आधी टाकली त्याची. सुरुवातीला दादा ती सरळ ग्रुपवर टाकायचा. टाकल्या टाकल्या गायब, आणि ‘मिळाली’ म्हणायलाही कुणी नाही. पुढे कळलं, निम्म्या तर बॉटच उचलत होते. मग नियमावली आली.

ती पिन करून ठेवली आहे, आणि ग्रुपवरच्या कुठल्याही गेमपेक्षा रंजक आहे, कारण प्रत्येक कलमामागे एक इसम उभा आहे. ‘महिना झाल्याशिवाय की मागू नये’ हे त्या पोरामुळे, ज्याचा ग्रुपवरचा पहिलाच मेसेज होता, ‘दादा, की आहे का?’ ‘एका घरातून एकच नाव’ हे सोडतीत आजोबांचंही नाव घालणाऱ्यामुळे. आजोबा जिंकले होते. ‘मिळालेली की विकू नये’ हे कशामुळे, ते विचारलं तर दादा विषय बदलतो. ‘आभार मानणे सक्तीचे’ हे कलम मला स्वतःला पटत नाही. सक्तीचे आभार कसले? पण दादाचं म्हणणं, ‘फुकट नेताय, निदान तोंड तरी उघडा.’

गंमत म्हणजे दादा स्वतः हल्ली खेळतच नाही. एपिकचं स्टोअर २०१८ च्या डिसेंबरात उघडलं, तेव्हापासून फुकट गेम देतंय. दादा दर गुरुवारी रात्री न चुकता ते घेऊन ठेवतो. उघडत एकही नाही. २०२० च्या मे महिन्यात तिथे जीटीए फाइव्ह फुकट दिला, तर गर्दीने स्टोअरच काही तास बसलं. दादा हळहळला, पण गेमसाठी नव्हे. ‘रांग लावायची अक्कल नाही यांना,’ म्हणाला.

बॉटांवर त्याचा उपाय म्हणजे कीचं एक अक्षर झाकून कोडं घालायचं. परवा शेवटून दुसऱ्या जागी प्रश्नचिन्ह होतं आणि खाली ओळ: ‘पांडव किती, तो आकडा.’ बॉटला महाभारत येत नाही. एका पठ्ठ्याने सहा टाकला. की लागेना. तेवढ्यात दुसऱ्याने पाच टाकून गेम नेलासुद्धा. सहावाला ऐकेना. ‘कुंतीला विचारा,’ म्हणाला. मग मध्यरात्रीपर्यंत कर्णाच्या हक्कावरून अशी जुंपली, की गेम कोणता होता हेच सगळे विसरले. दादाने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, सहावाल्याला सगळी कलमं बाजूला ठेवून एक की खासगीत पाठवली, आणि सकाळी नियमावलीत एक ओळ वाढली: ‘कोड्यात कर्ण धरला जाणार नाही.’