एकरी किती, लिटरला किती

यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावात कोणाच्या दारात नवी-जुनी कुठलीही चारचाकी उभी राहिली, की लोक रंगाबद्दल काही बोलत नाहीत, किंमत आडून आडून काढतात आणि "किती देते?" हे मात्र नमस्काराच्याही आधी विचारून मोकळे होतात. मारुतीने पुढे "कितना देती है" म्हणत याच प्रश्नावर जाहिराती काढल्या. सारा देश हसला म्हणे. आमच्या चौकात कोणी हसलं नाही. त्यात हसण्यासारखं काय आहे, हेच कोणाला कळेना.

हा कापसाचा मुलूख. एकरी किती झाला, हे विचारायची इथे पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, आणि उत्तर ऐकणारा कोण त्यावर उतारा ठरतो. पानठेल्यावर एकरी बारा क्विंटल झालेला कापूस बँकेची पायरी चढेपर्यंत तीनवर येतो. गाडीच्या अ‍ॅव्हरेजला बँकेची पायरीच नाही, त्यामुळे ते फक्त वर चढतं. पहिला अठरा सांगतो, दुसरा वीस. तिसरा सुपारी कातरत म्हणतो, "माही तं बाविसच्या खाली येतच नाही, बावा." चौथ्याची गाडी डिझेलवर असते, म्हणून आम्ही त्याला बोलूच देत नाही.

माझी गाडी मारुती 800. जुनी, कार्बोरेटरवाली, एमएच 29 पासिंगची, एका निवृत्त गुरुजींकडून घेतलेली. 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुतीची चावी इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली आणि जानेवारी 2014 मध्ये शेवटची 800 कारखान्याबाहेर पडली. या तीस वर्षांत माझ्यासारख्या अनेकांनी आयुष्यातली पहिली काच तिच्यात हाताने फिरवून खाली केली. तीन सिलिंडर, 796 सीसी, चार गियर. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. या शेवटच्या आकड्याला फार महत्त्व आहे, कारण आमच्या घरची पाच माणसं बसली की निम्म्या गाडीइतकं वजन गाडीत असतं. मागे एका जाणकाराने मला स्टेपनी काढून टाकायचा सल्ला दिला होता. स्टेपनी काढून दहा-बारा किलो वाचतात. मेहुणा उतरवला तर नव्वद. पण स्टेपनीला राग येत नाही, म्हणून बिचारी तीच उतरली.

अ‍ॅव्हरेज वाढवायचं म्हणजे ते आधी मोजायला हवं, आणि इथेच घोडं अडतं. मोजायची खरी रीत एकच. टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची, किलोमीटरला लिटरने भागायचं. आता 800 ची टाकी 28 लिटरची. ती काठोकाठ भरायला तीन हजारांच्या आसपास लागतात. आमच्या तालुक्यात पेट्रोल लिटरने घेत नाहीत, नोटेने घेतात. पंपावरचा पोरगा "कितीचं?" विचारतो आणि आपण "पाचशेचं" म्हणतो. पेट्रोल पंचाहत्तरवर होतं तेव्हाही पाचशेचं, शंभरावर गेलं तेव्हाही पाचशेचं. त्यामुळे भाववाढ आमच्या खिशाला कधी लागलीच नाही. गाडी तेवढी लवकर बंद पडायला लागली. अशा गावात अ‍ॅव्हरेज हा हिशोबाचा विषय राहत नाही, श्रद्धेचा होतो. आणि श्रद्धा आली की मागोमाग उपाय आलेच.

पहिला उपाय मिस्त्रीचा. आमचा मिस्त्री बोनेट उघडतो, लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. बराच वेळ काही बोलत नाही. मग म्हणतो, "सर, पेट्रोल जास्त खाऊन रायली." मिक्श्चरचा स्क्रू तो पाव फेरा आत घेतो. त्याने पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते, हे बरोबर. पण मर्यादेपलीकडे पातळ केलेल्या मिश्रणावर इंजिन अडखळतं, तापतं, पिकअप जातो. मग गाडी हलावी म्हणून आपण अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबतो आणि स्क्रूने वाचवलेलं पायाने सांडतो. त्यातून आमचा मे महिना. पंचेचाळीस अंशांत गाडीसुद्धा सावली बघून थांबते.

जेटची गोष्ट याहून मजेदार आहे. कार्बोरेटरच्या पोटात पितळेचा एक एवढासा तुकडा असतो, त्याला बारीक भोक. किती पेट्रोल जायचं ते या भोकाच्या मापावर ठरतं. कचरा अडकला की ते हवेच्या फवाऱ्याने साफ करायचं. आमच्याकडे ते तांब्याच्या तारेने करतात. तार घातली की आरपार उजेड दिसतो, मिस्त्री तो उजेड आपल्याला दाखवतो, आपण मान डोलावतो. दर सर्व्हिसिंगला तार फिरत गेली की भोक हळूहळू मोठं होतं आणि गाडी दरवेळी थोडं जास्त पिते. म्हणजे ज्या हातांकडे आपण अ‍ॅव्हरेज वाढवायला जातो, तेच हात भोक वाढवत असतात. हे मी मिस्त्रीला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "सर, तुमी पुस्तकं वाचता, आमी गाड्या उघडतो."

मग चुंबक. पेट्रोलच्या नळीला बांधायचं. म्हणे त्याने पेट्रोलचे कण सुटे होतात. पेट्रोल काही लोखंडाचं नाही, पण विकणाऱ्याचा आवाज इतका ठाम होता की शाळेत विज्ञान शिकलेला माणूससुद्धा गप्प बसावा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी अशी शंभरावर साधनं तपासली आणि फारच थोड्यांत थोडाफार फायदा सापडला. आपल्याकडे तर 1996 मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लैने झाडपाल्याचं पेट्रोल करून दाखवलं होतं. मोठमोठ्यांनी ते डोळे विस्फारून पाहिलं. 2016 मध्ये न्यायालयाने त्याला फसवणुकीसाठी शिक्षा केली. त्यापेक्षा आमच्या आळीतला सल्ला स्वस्त होता: टाकीत डांबराच्या गोळ्या टाका. त्या गोळ्या पेट्रोलमध्ये विरघळतात हे खरं, पण अ‍ॅव्हरेज त्याने वाढत नाही. ज्याने टाकल्या त्याची स्कूटर गेली की आजीच्या ट्रंकेतलं लुगडं गेल्यासारखा वास येतो, एवढाच फरक.

हवेचा अडथळा हा जरा शिकलेल्या लोकांचा विषय. वेग दुप्पट झाला की हवा चौपट अडवते, हे शास्त्र पक्कं आहे. अमेरिकेत एकाने 1992 च्या होंडा सिव्हिकला मागून निमुळती शेपटी लावली, चाकं झाकली, आणि महामार्गाच्या वेगात लिटरला चाळीसच्या आसपास काढून दाखवले. माझ्या भाच्याला हे कळल्यापासून तो प्लायवूडचं माप घेऊन गाडीभोवती फिरत होता. पण शेपटीचा उपयोग ताशी शंभरला. मारेगाव-वणी रस्त्यावर तो वेग गाठायचा तर पुढे कोळशाचा ट्रक नसावा लागतो. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, तेव्हा पुढे कोळशाचा ट्रक नाही असं होत नाही. मोठ्या गाडीच्या पाठीमागे चिकटून चाललं की हवा कमी लागते, हाही एक प्रकार जगात आहे आणि तो जीवघेणा आहे. आमच्याकडे तर ट्रकमागून वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा काचेवर पडलेले कोळशाचे खडे महागात जातात.

टायरमध्ये हवा नीट भरा, वरचं कॅरियर उतरवा, पंचेचाळीस ते पंचावन्नच्या वेगात चालवा, असं पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना किती वर्षांपासून सांगते आहे. हे सगळं खरं आहे, फुकट आहे आणि म्हणून त्यावर कोणाचा विश्वास नाही. मी हवा भरली. नीट न भरता दहा पॉइंट जास्तच भरली. गाडी हलकी पळायला लागली हे नक्की, पण बोटोणीच्या बाजूला जाताना प्रत्येक खड्डा बायकोने मला नावानिशी सांगितला.

एवढ्यात पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांवर आलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा, म्हणजे कागदावर सहा-सात टक्के ताकद आधीच गेली. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. ऊस पिकवणाऱ्यांनी आमच्या टाकीत जागा मिळवली. टाकीत सरकीला कोणी विचारत नाही. पानठेल्यावर मात्र याचाही परिणाम नाही. "माही अजून बावीसच देते."

मी एकदा शांतपणे कागद घेऊन बसलो. महिन्याला गाडी चारशे किलोमीटर फिरते. सोळाचं अठरा झालं तर पावणेतीन लिटर वाचतं, म्हणजे तीनशेच्याही आत. त्याच महिन्यात चुंबक, तार, स्क्रू, आणि मिस्त्री इंजिन ऐकत असताना सगळ्यांना पाजलेला चहा. कागद मी घडी करून गाडीच्या कप्प्यात ठेवला. वजन वाढलं तेवढंच.

मध्यंतरी वणीच्या तरुणांनी हायड्रोजनवर धावणारी गाडी घरीच तयार केल्याची बातमी पेपरात आली. आमच्या शेजारच्या तालुक्याची पोरं. अभिमान वाटला. मिस्त्रीने पेपर माझ्या बोनेटवर पसरला.

"सर, आपल्या गाडीत बसते काय हायड्रोजन?"

म्हटलं, इंधन बदललं की आरटीओकडे नोंद लागते, यवतमाळला जावं लागेल.

"ते पाहू. पयले मागची सीट काढा लागन. सिलिंडर कुठी ठेवसान?"

"आणि माणसं कुठे बसतील?"

तो माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहायला लागला. "माणसं कायले पाहिजेत, सर? तेच तं अ‍ॅव्हरेज खाऊन रायले."